सी-लाईनच्या फाटकाआतली मादी

प्रिय आर्वो,

नाताळला मी तुला जी पत्रं पाठवते त्यांत पाऊस, गुडघे आणि चर्चमधली कॉफी याखेरीज काही नसतं, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. नऊ वर्षांची नऊ पत्रं, आणि त्यांत एकही खरी ओळ नाही. आज नाताळ नाही, मे महिना लागलाय, म्हणून पाकीट बघून तू दचकशील. दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. म्हणजे मी ठीक आहे. मर्ल गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून ‘सगळे’ म्हणजे मीच.

यंदा अस्वलं लवकर उठली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच मला एल्क ओढ्याच्या वर पहिलं सोललेलं झाड दिसलं. वीस-बावीस वर्षांचं डग्लस फर, ऐन भरात आलेलं. बुंध्याची साल माणसाच्या उंचीपर्यंत ओरबाडलेली, आतल्या ओल्या पांढऱ्या लाकडावर दातांचे उभे चरे. सालीखालच्या गोड रसासाठी एकेक अस्वल दिवसाला पन्नास-साठ झाडं नासवतं, आणि पुढच्या वर्षी तेवढा डोंगर वाळून तांबडा पडतो. मी अजून पिंपं भरते. वसंतात पेंडेची पोती ट्रकमध्ये टाकायची, रानातल्या पिंपांत ओतायची, म्हणजे बेरी पिकेपर्यंत अस्वलं तिथे खातील आणि झाडं सोडतील. पूर्वी दोन पोती एकदम उचलायचे. आता एकच, तेही मध्ये थांबून.

आपल्या लहानपणी रानातल्या त्या रस्त्यांना फाटकं नव्हती, आठवतं? बाबा लाकूडतोडीच्या पाळीवरून आले की जुन्या गाडीत आपल्याला कोंबायचे आणि सी-लाईनच्या जंगलरस्त्यावर जिथे वाटेल तिथे थांबायचे. एल्क हरीण मिळालं तर हिवाळाभर मांस, नाही मिळालं तर वेलचीचा पुल्ला-पाव खाऊन परत. जंगल कंपनीचं होतं, पण ते कुणाचं आहे असं आपल्या मनातही यायचं नाही. मग कुणीतरी कचरा टाकला, कुणीतरी लाकडं चोरली, आणि कंपनीने पिवळी फाटकं लावली. आत जायला परवाना, परवान्याला किल्ली, आणि मी कंपनीच्या नोकरीत, म्हणून किल्ल्यांची वही माझ्याकडे. दुकानात गेले की ग्लेन टोपी काढून वाकायचा, “राणीसाहेब, आज जंगल उघडं आहे का आम्हा गरिबांना?” सगळे हसायचे. तू हसायचा नाहीस. तू म्हणालास, “माझ्याच बापाच्या रानात शिरायला मी माझ्याच बहिणीपुढे सही करायची?” आणि दोन वर्षं किल्ली घेतली नाहीस.

शेवटी अस्वलांनीच तुला आत नेलं. कंपनीला साल सोलणारी अस्वलं कमी करायची होती आणि तुझ्या कुत्र्यांसारखे कुत्रे खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हते. तू सही केलीस, पण आपल्या अटींवर. जे झाड सोलतंय तेच अस्वल मारायचं. पिंपापाशी कधीच नाही, कारण जेवायला बोलावून मारणं ही शिकार नव्हे. आणि पिल्लंवाली मादी कुत्र्यांनी झाडावर चढवली तरी कुत्रे बांधून मागे फिरायचं. कायदाही तेच सांगत होता, पण तुला कायद्याची गरज नव्हती. आणि तुझ्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. तू नीट काम करतोस हे बघून कंपनीने बाकीच्यांनाही हंगामात किल्ल्या द्यायला सुरुवात केली. ग्लेन, लुंडची पोरं, सगळे पुन्हा आत जायला लागले. ते तुझ्या नावावर आत जात होते.

आता नऊ वर्षांपूर्वीच्या त्या वसंतावर येते.

मर्लची मूत्रपिंडं त्या हिवाळ्यात पूर्ण गेली होती. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसच्या यंत्रावर न्यायचं, आणि तो सगळा खर्च माझ्या नोकरीच्या विम्यावर. सी-लाईनवर एक थोराड नर आला होता. तो पिंपाला तोंडही लावायचा नाही, नुसता झाडं सोलत सुटला होता. कंपनीचा स्ट्राउडसाहेब माझ्या ट्रकच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “सायमा, पिंपं ठेवूनही झाडं जाणार असतील तर पिंपं हवीत कशाला? हा महिना बघतो. नाहीतर बंद.” पिंपं बंद म्हणजे मी बंद, हे त्याने बोलायची गरज नव्हती. तू तीन दिवस कुत्रे लावलेस. नर नदी ओलांडून गेला आणि पावसाने वास धुतला. तू म्हणालास, “अगं, चार दिवस दम धर. उघडीप पडू दे, काढतो त्याला.”

मी दम धरला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तू नुसते कुत्रे घेऊन वरच्या ओढ्याकडे वास बघायला गेलास, तेव्हा मी तुझ्या शेडमधून बाबांची बंदूक घेतली. नर रोज सकाळी सातव्या पिंपाजवळून जातो, हे मला ठसे बघून माहीत होतं. धुकं होतं. पिंपामागे काळं, मोठं काहीतरी हललं आणि मी चाप ओढला. बाबांनी शिकवलेलं मी काही विसरले नव्हते, आर्वो. एकाच गोळीत पडलं. जवळ गेले तर ती मादी होती. दूध होतं तिला. वर हेमलॉकच्या झाडावर दोन पिल्लं बुंध्याला चिकटून बसली होती आणि रडत होती. अस्वलाचं पिल्लू रडतं ते तू ऐकलंयस. तुला सांगायला नको.

मी तिथून पळाले. कुणाला कळवलं असतं तर दोन्ही पिल्लं तरी वाचली असती. मी बंदूक तुझ्या शेडमध्ये ठेवली आणि मर्लला नाश्ता दिला. दुसऱ्या दिवशी झाडं मोजायला आलेल्यांना रडणं ऐकू आलं. एक पिल्लू जिवंत सापडलं, दुसरं झाडाखाली मरून पडलेलं.

त्याच दिवशी मी तुला सांगायलाच आले होते रे. तुझ्या स्वयंपाकघरात बसले होते, तू कॉफी ओतत होतास, आणि मी तोंड उघडणार तोच शिकार खात्याची गाडी दारात लागली. आदल्या दिवशी फाटकाआत शिकाऱ्याचा एकच ट्रक होता, तुझा. अधिकाऱ्याने बंदूक मागितली. तू शेडमधून आणलीस, हातात तोललीस, नळीचा वास घेतलास, तो ताज्या बारुदाचा होता. तू ती शरद ऋतूपासून झाडली नव्हतीस. मग तू माझ्याकडे बघितलंस, फार वेळ नाही.

अधिकारी म्हणाला, “तुझीच ना ही?”

“माझीच.”

“काल वापरलीस?”

तू माझ्याकडे वळलास. म्हणालास, “सायमा, आज मर्लला न्यायचंय ना यंत्रावर? उशीर होतोय. नीघ तू.”

आणि मी निघाले. उठले, कोट घातला आणि निघाले. मर्लला वेळेवर पोचवलं.

गुन्हा तू अंगावर घेतलास, तिथवरचं तुला माहीत आहे, पण तू खोरं सोडून गेल्यावर काय झालं ते नाही. तुझा परवाना गेला, कुत्रे परक्यांच्या ट्रकमधून गेले, हे तू बघितलंस. कंपनीने सी-लाईनची सगळी फाटकं शिकाऱ्यांना बंद केली. नवीन कुलपं आली, आणि ती मीच लावली. दुकानात ग्लेन टोपी काढेनासा झाला. माझ्यासमोर म्हणायचा, “एका माणसाच्या हावेपायी अख्ख्या खोऱ्याचं रान गेलं. सायमा, तुझा दोष नाही, पण तुझा भाऊ नीच निघाला.” मी दूध घेऊन घरी यायचे. लुंडच्या पोरांनी तुझ्या घराची खिडकी फोडली तेव्हा काच मी उचलली आणि तुला लिहिलं की वादळ झालं.

मर्लसाठी गप्प होते, असं मी स्वतःला सांगत आले. पण मर्लला जाऊन चार वर्षं झाली. त्याला हे कधीच कळलं नाही. तो मरेपर्यंत म्हणायचा, “आर्वोने असं करायला नको होतं.” तो गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बोलू शकले असते. चार वर्षं मी कुणासाठी गप्प होते? पेन्शन जवळ आली होती, लोक नीट बोलत होते, रविवारी चर्चमध्ये शेजारी जागा राखून ठेवत होते. एवढंच कारण. त्याहून मोठं काही असतं तर मी लिहिलं असतं.

मागच्या महिन्यात तुझी चिठ्ठी आली. नऊ वर्षांत तू पहिल्यांदा काही मागितलंस. शिकारीचा परवाना परत मिळावा म्हणून अर्ज करतोयस, आणि नातेवाइकाकडून तीन ओळी हव्यात की आर्वो कोटिला आता सुधारलाय. तुझा स्वतःचा खुलासा अजून जायचाय, त्यात ‘केल्याचा पश्चात्ताप होतो’ असं लिहावं लागेल, असंही तू कळवलंस. मी तीन वेळा कागद घेऊन बसले आणि त्या ओळी लिहू शकले नाही. मंगळवारी मी शिकार खात्याच्या कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. जबानीवर सही केली. तिची प्रत यासोबत आहे. तिथून स्ट्राउडकडे गेले आणि किल्ल्या आणि वही त्याच्या टेबलावर ठेवली. मग दुकानात गेले आणि ग्लेनला, लुंडच्या थोरल्याला, तिथे असलेल्या प्रत्येकाला सांगितलं. ग्लेन बाहेर निघून गेला. माझं काय होईल ते ठाऊक नाही, फाटकं उघडतील का तेही नाही. तू झाकून ठेवलेलं मी तुला न विचारता उघडं केलं, म्हणून तू चिडशील. खुशाल चीड. या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फक्त तुझ्या खुलाशात ते पश्चात्तापाचं वाक्य लिहिलं असशील, तर पाठवण्याआधी खोडून टाक. ते माझं आहे.

तुझीच,
सायमा