गाऱ्हाण्यात अडकलेली प्लिमथ

मुलुंड (पश्चिम),
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९८६

तीर्थस्वरूप काशीराममामांस,

सीतारामाचा साष्टांग नमस्कार. वनमालाचाही आहे आणि गाडीचाही. पण गाडीला वाकता येत नाही म्हणून तिच्या वाटचा मीच आणखी एकदा वाकलो. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मामींनी काढून दिलेलं तेल चोळता, की बाटली उशाशी ठेवून नुसती तिच्याकडे बघता? तिकडे भात कापणीला आला असेल. इथे मागच्या डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं आहे, आणि संध्याकाळी सगळा डोंगर हळूहळू निळा होत जातो. ते बघत बघतच हे पत्र लिहितो आहे. कुठे बसून म्हणाल, तर गाडीच्या मागच्या सीटवर. आता चष्मा पुसू नका, बरोबर वाचलंत. तुमच्यादेखत जिची विक्री झाली, जिच्या चाकाखाली लिंबू चिरडलं, जिच्यासाठी तुम्ही नारळ फोडून गाऱ्हाणं घातलंत, त्याच गाडीत मी बसलो आहे. कसं ते सविस्तर सांगतो.

ही छप्पन सालची प्लिमथ मला गोराईला सापडली, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण सांगताना बरं वाटतं. पास्कल अंकलच्या झावळ्यांच्या झापाखाली ती कितीतरी वर्षं उभी होती. पुढच्या सीटवर कोंबड्या अंडी उबवत होत्या आणि डिकीत सुके बोंबील ठेवलेले होते. बोंबलांची जागा गेली म्हणून अंकल हळहळले, गाडी गेली म्हणून नाही. मग मी कारखान्यातून सुटलो की तिच्याखाली. रविवार आला की तिच्याखाली. (वनमाला त्या काळात शेजारणींना सांगायची की आमचे हे पायांवरून ओळखायचे.) पाच-सहा वर्षं गेली आणि एक दिवस ती गुरगुरली. वर मोरपंखी, खाली दुधावरच्या सायीसारखा रंग, मागे दोन पंख. पेट्रोल इतकं पिते, की फिरवणं परवडलं नाही. आम्ही तिला चाळीमागच्या जांभळाखाली उभी केली आणि संध्याकाळी आत बसायला लागलो.

मामा, हे कुणाला सांगू नका, पण आम्ही दोघं त्या उभ्या गाडीतून फार फिरलो. खोली एक, भिंती पातळ, मुलगा नंदकिशोर मोठा झालेला. नवराबायकोने चार शब्द बोलायचे कुठे? तर मागच्या सीटवर. ती सीट आमच्या पलंगापेक्षा रुंद आहे. काचा खाली केल्या की डोंगरावरून वारा येतो, पानं हलतात आणि गाडी चालल्याचा भास होतो. मग मी विचारायचो, आज कुठे? ती म्हणायची, कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन करून, अंधार पडायच्या आत आम्ही परत. घाट लागला की ती माझा दंड धरून म्हणायची, ‘सावकाश चालवा.’ (मी मागे बसलेलो, स्टिअरिंगवर कुणीच नाही, गाडीखाली विटा. तरी मी सावकाश चालवायचो.)

तर अशी गाडी विकायची म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. पण नंदकिशोरचं नीलाशी जमलं, दिवाळीनंतरचा मुहूर्त निघाला, आणि वनमालाने एका रात्री जेवताना विचारलं, ‘सून येतली ती खंय निजतली? गाडीत?’ मी लगेच नाही म्हणालो नाही, हा माझा गुन्हा. मी जरा विचारात पडलो. तिने ताट उचललं आणि सांगितलं, की गाडी विका आणि पोराला कळव्याला खोली घ्या. तिचं म्हणणं खरं होतं. नंदकिशोरने बिचाऱ्याने पेपरात जाहिरात तेवढी दिली.

गिऱ्हाइकं आली. एक सिनेमावाला आला. त्याला गाडी फार आवडली, दोनदा हात फिरवला, आणि मग त्याने विचारलं की कड्यावरून ढकलली तर ती पेट घेईल ना. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. दुसरा बँडवाला. त्याला टप कापायचा होता, नवरदेवाला उभं राहता यावं म्हणून. त्याला चहा दिला, पण बिनसाखरेचा. मग आले घाटकोपरचे चंद्रप्रकाश शेठ. साड्यांचं दुकान आहे त्यांचं. मऊ माणूस. गाडीभोवती अनवाणी फिरले. लहानपणी अशा गाडीच्या काचेला नाक लावून उभे असायचे म्हणाले आणि आत्तासुद्धा लावलं. माझ्या मनात आलं, द्यायचीच तर याला द्यावी.

पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. नव्हे, पाहिलं नाहीत, कारण तुमचे डोळे मिटलेले होते. मामा, राग मानू नका. गावच्या एस.टी. स्टँडवर मुंबईला निघालेल्या प्रत्येकासाठी तुम्ही आजवर गाऱ्हाणं घालत आलात, त्यामुळे शब्द आपोआप बाहेर पडतात, हे मी समजतो. पण तुम्ही देवाला काय सांगितलंत, ते आठवा. ‘बा रवळनाथा, ही आज घराभायर पडता हा. वाटेर तिची राखण कर, आणि जशी गेली तशी सुखरूप आपल्या घराक परत येवंदे रे म्हाराजा.’ विकलेल्या गाडीसाठी, मामा! आणि सगळी चाळ ओरडली, ‘होय म्हाराजा.’ सगळ्यात मोठ्याने शेठ ओरडले. त्यांना वाटलं, आमच्यात गिऱ्हाइकाला असाच आशीर्वाद देतात.

देव तुमचं ऐकतो, हे मला आता पटलं आहे. गाडी गेली, आणि दिवे लागायच्या आत टेम्पोला दोर बांधून परत आली. भांडुपला बंद पडली होती. तिचा पेट्रोलचा पंप तापला की त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळावं लागतं (वनमालाच्या जुन्या लुगड्याचं, दुसरं तिला चालत नाही). फडकं सीटखाली आहे, असं मी शेठच्या ड्रायव्हरला बजावून सांगितलं होतं. त्याने चाचपलं तर सीटखाली काही नाही. मी शपथेवर सांगत होतो की ठेवलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या मोरीतल्या दोरीवर वाळत होतं. म्हणजे मीच विसरलो. वय झालं, मामा, दुसरं काय.

फडकं गुंडाळून पाठवणी केली. आठवडाभर सुखाने नांदली. मग ऑक्टोबरचं ऊन तापलं, आणि भर दुपारी, काचा बंद, शेठच्या घरची मंडळी देवदर्शनाला निघाली असताना डिकीतून बोंबील जागे झाले. वर्षानुवर्षांचा वास तो, रंगाखाली मुरलेला. आम्हाला तर तो आला की भूक लागते. पण शेठच्या घरात कांदासुद्धा चढत नाही. त्यांची इमारत गोळा झाली. गाडी पुन्हा जांभळाखाली. वनमालाने आत धूप घातला, कडुलिंबाचा पाला पसरला, डिकी सोड्याने धुतली. वास गेला की नाही हे शेठना कळलं नाही, कारण बघायला म्हणून ते मागच्या सीटवर बसले आणि झोपले. पानं हलत होती, डोंगर निळा व्हायला लागला होता. संध्याकाळी उठले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. दुकान सुरू केल्यापासून दुपारी डोळा लागला नव्हता म्हणाले.

पण व्यवहार तो व्यवहार. जाताना त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, ‘सीतारामभाई, गाडी फर्स्टक्लास आहे, पण ती माझ्याकडे राहत नाय. आता दिवाळीला नेतो. अजून एकदा परत आली ना, तर तुमची गाडी तुम्ही ठेवा, माझा पैसा मला द्या.’ यात त्यांची चूक काही नाही. पण पैसे कळव्याच्या खोलीत गेले, मामा. नंदकिशोरने भिंतींना रंगही दिला, नीलाने येऊन खिडकीची मापं घेतली. गाडी परत आली तर खोली जाईल, आणि खोली गेली तर मुहूर्त जाईल. पोराला मी अजून काही बोललेलो नाही. तो रात्री शीळ वाजवत घरी येतो, ती ऐकली की मी झोपेचं सोंग घेतो.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल चोळा.

तुमचा भाचा,
सीताराम

ता. क. — खरं काम हे. पत्र मिळताच रवळनाथाच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं दुरुस्त करून या. देवाला स्पष्ट सांगा, की ती सासरी गेली आहे, तिने तिथेच राहावं. ‘परत येवंदे’ हे शब्द तोंडाला येऊ देऊ नका. शेजारी मामींना उभ्या करा, शब्द निसटलाच तर त्या चिमटा काढतील.

पुन्हा ता. क. — फार जोर लावून सांगू नका. नुसतं कानावर घाला.

मामानू, ह्या अक्षर वनमालाचा. पत्र पाकिटात घालूक ह्यांनी माझ्याकडे दिल्यानी, म्हणान दोन वळी लिवतंय. देवळात जाव नकात. काल शेठची बायको मीराबेन दूध पिवक इली हुती. तिचा नि माझा ठरला: गाडी त्यांची, जागा आमची. आयतवारी दोघांय येतली, शेठ गाडीत निजतलो, आमी चाय करतलों. पैसे कोण परत मागणा नाय, पोराची खोली खंय जाणा नाय. ह्यांका अजून सांगूक नाय, वाटेत सांगतलंय.

आणि फडक्याचा. हे इसराक नाय हुते. तुमी गाऱ्हाणा घालीत हुतास, सगळ्यांचे डोळे मिटलेले, तेवा मी ता सीटखालसून काढून पदराखाली घेतलंय. गाऱ्हाणा तुमचा, फडका माझा. देवाक उगाच बोल कित्याक?

आता पुरे करतंय. हे गाडीतसून हाका मारतत. आज गोव्याक जावचा हा.