अक्षरं येतील मागून

नाशिक रोड, मंगळवार

चि. योगेश यास उज्वलाआत्याचे आशीर्वाद. आधी जेवून घे, मग हे वाच.

पित्त उठतं का अजून? पुण्यात बाहेरचं खाल्ल्यावर उठणारच. (तुझ्या आईला कळवलेलं नाही, घाबरू नकोस.) आम्ही सगळे मजेत. फोन केला की तू 'आत्या, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, म्हणून हे पत्र.

तर टायपिंग क्लासची हकिकत. आपल्याकडे खरा कॉम्प्युटर एकच, मागच्या खोलीत. वीस टेबलांवर नुसते पडदे, कीबोर्ड आणि त्या एकाला जोडलेले मुठीएवढे डबे. तूच बसवलंस ते ('आत्या, दहा वर्षं बघायला नको' हेही तूच म्हणालास). एका चुलीवर वीस जणांचा स्वयंपाक म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. दिवाळीपासून 'क' दाबला की तो पडद्यावर उमटेपर्यंत पाण्याचा घोट घेऊन व्हायचा. आमचे झिपरूसर तीस वर्षं लोखंडी टाइपरायटरवर शिकवत आले आणि कॉम्प्युटरला अजून 'खोकं' म्हणतात. त्यांनी फर्मान काढलं, पडद्याकडे बघायचंच नाही. उतारा बघा, अक्षरं येतील मागून. मला काही ते पटेना, आणि त्याला कारण नांदगावची वेदिका. वडील गेल्यावर त्यांच्या जागेवर ऑफिसात लागली, पण या खेपेला मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झाली नाही तर नोकरी जाते. घरात कमावती ती एकटीच. चौतिसापर्यंत पोचली होती, पण मला वाटलं, मशीन सुधारलं तर चाळीस गाठेल आणि धाकधूकच राहणार नाही.

म्हणून रविवारी तुझी यादी घेऊन मी पदर खोचला. जे हलतं, चमकतं आणि न विचारता चालू होतं ते बंद कर, असं तू लिहिलं होतंस. पडद्यावरच्या खिडक्यांच्या सावल्या बंद केल्या. आपोआप उघडणारी नऊ सॉफ्टवेअरं बंद केली (त्यातलं प्रत्येक वीस जणांसाठी वीसदा चालतं, हे कळल्यावर मला घेरीच आली). मुलांच्या वॉलपेपरवरचे नट, नट्या आणि एक म्हैस काढली. म्हैस देवळ्याच्या भारतची, दोन्ही वेळचं मिळून सोळा लिटर देते म्हणे. झिपरूसरांच्या पडद्यावर तर अख्खा वाहता धबधबा निघाला! तो बंद केल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. सगळ्यांत खादाड खातं मात्र माझंच निघालं, ब्लाउजच्या गळ्यांची एकेचाळीस पानं उघडी. ती मी कोणाला न सांगता मिटली.

आता बोट उचलायच्या आत अक्षर उमटतं. तुझे उपकार कसे फेडू? हुशारी आमच्याकडूनच आली आहे तुझ्यात, वहिनी काही म्हणू देत. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
उज्वलाआत्या

ता. क. (शुक्रवार) : पत्र पर्समध्येच राहिलं ते बरं झालं. उपकार परत घे. मुलं पडद्याकडे बघायला लागलीत! अक्षर दिसतं, चूक दिसते, हात थांबतो, खोडाखोड सुरू. वेदिका चौतिसावरून एकविसावर आली. "मॅडम, बरोबर आलं का नाय, हेच बघत राहते मी," म्हणत रडली आणि मलाही रडू आवरेना. परीक्षा बुधवारी आहे. तेव्हा ती यादी उलटी करून पाठव. काय काय चालू केलं म्हणजे मशीन पहिल्यासारखं रखडेल? परीक्षेच्या केंद्रावरची मशीनं झपाझप चालतात हे मला कळतं रे, पण आधी पोरीचा हात तरी ताळ्यावर येऊ दे. धबधबा झिपरूसरांनी लगेच चालू करून दिलाय, पण तेवढ्याने भागत नाही.

आणखी ता. क. (पुढचा गुरुवार) : यादी नको. झिपरूसरांनी घरून उशांचे अभ्रे आणून सगळ्या पडद्यांवर चढवले आणि चार दिवस तसाच सराव घेतला. काल परीक्षेत अभ्रा कुठून आणणार? वेदिकाने बसल्याबसल्या पडद्याचं बटणच बंद केलं. मशीन बंद पडलं म्हणून सुपरवायझर धावत आले, तर ही मान न वळवता म्हणते, "चालूय सर. मीच बघत नाय." वेळ संपल्यावर बटण दाबलं, उतारा पुरा! मिनिटाला छत्तीस शब्द! मी फाटकाबाहेर सगळ्यांदेखत झिपरूसरांच्या पाया पडले.

आता क्लासात कोणालाच पडदे नको झालेत. वीस आहेत, एकावरही ओरखडा नाही. तुझ्या ऑफिसात कोणाला हवेत का, विचारून कळव.