माफ करणारे आपण कोण

ता. ४ मार्च

ती. मामांना,
स. न. वि. वि.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून तुम्ही मला 'माचिस' म्हणता (भडकन पेटतो, लगेच विझतो), म्हणून फुगून बसलो होतो. आज लिहितोय, कारण डोकं फुटायची वेळ आली आहे.

मी लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागलोय हे आईने सांगितलंच असेल. आमचे उस्ताद म्हणजे हातात जादू असलेला माणूस. त्यांची मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. डोकं दुखत नसताना तिच्याकडून घेतलेल्या गोळ्यांनी माझा एक खण भरलाय, यावरून काय ते समजा. तिला समजलंय.

आता मुद्द्याचं. दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही. दुरुस्ती करताना मात्र कधी कधी उघड्या दाराने चालवून बघावी लागते, म्हणून मिस्त्री दाराच्या स्विचला तारेचा तुकडा जोडून लिफ्टला फसवतो. काम झालं की तार काढायची. एका ऑफिसच्या इमारतीत उस्ताद ती काढायला विसरले. दुसऱ्या सकाळी साफसफाईची बाई आत पाय टाकणार, तोच उघड्या दारानिशी लिफ्ट वर गेली आणि बाई खाली खड्ड्यात. कंबरेचं हाड मोडलं. आम्ही धावत पोचलो. उस्तादांनी माझ्यादेखत तार उपटून खिशात टाकली आणि सगळ्यांना सांगितलं की वॉचमनने चावीने दार उघडलं होतं. वॉचमन कोठडीत आहे. येत्या सोमवारी पोलीस चौकीतले साहेब माझा जबाब घेणार.

उस्ताद म्हणाले की हे एकदा निभावलं की घरी ये, तुम्हा दोघांचं बोलून टाकू.

मामा, नियम आकाशातून पडत नाहीत, माणूस नियमापेक्षा मोठा, हे तुमचंच ना? मग प्रेम करणाऱ्या दोन माणसांसाठी एक नियम जरा वाकला तर काय बिघडलं? तेवढं लिहून पाठवा. चाचांनाही विचारतोय.

तुमच्या लोभाच्या यादीत अजून आहे असं समजून,
आपला माचिस

ता. ४ मार्च

ती. चाचा,
सलाम वि. वि.

तुमच्या शिलाई मशीनचा खडखडाट इथे ऐकू येतो, इतकी आठवण येते. (खुशामत ओळखलीत, माहीत आहे.) मामांना जे लिहिलं त्याची नक्कल सोबत आहे. ते देव मानत नाहीत, त्यामुळे काहीतरी रुक्षच लिहितील. म्हणून तुम्हाला विचारतो. दुसऱ्याच्या ऐबावर पांघरूण घालावं, हे लहानपणी तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलंत. मी दुसरं काय करतोय? सोमवारच्या आत एक ओळ लिहा, आणि दुवा द्या.

आपल्या पायाशी,
पुतण्या

ता. ६ मार्च

चि. माचिस यास,
अ. उ. आ.

माझं वाक्य माझ्याच तोंडावर मारलंस, शाबास. एवढी हुशारी परीक्षेत दाखवली असतीस तर!

माणूस नियमापेक्षा मोठा, बरोबर. पण वाकलेला नियम कुणाच्या अंगावर पडतो तेही बघावं. वॉचमन माणूस नाही? तो तुझ्या लग्नाची शिडी व्हायला जन्माला आलेला नाही. तुझे चाचा क्षमेवर लांबलचक लिहितील, त्यात अडकू नकोस. ज्याचं हाड मोडलं, ज्याला डांबलं, माफी त्यांच्या हातातली गोष्ट. बाहेरच्याने दिलेल्या माफीला माफी म्हणत नाहीत.

मुलगी चांगली असणार, नाहीतर तू इतका घाबरला नसतास. जपून राहा. जेवत जा.

रागावलास तरी तुझाच,
मामा

ता. ७ मार्च

प्रिय पुतण्यास,
अनेक दुवा, वि. वि.

तुझ्या मामाचं काय मनावर घेतोस. अजानच्या वेळी चहाला बसणारा माणूस तो. ज्याला जे सोयीचं ते खरं, असंच म्हणाला असेल.

बेटा, पांघरूण आपलं घालावं, दुसऱ्याच्या अंगावरचं ओढून घालू नये. मी नमाज चुकवली तर ते मी आणि माझा अल्लाह बघून घेऊ, तो दयाळू आहे. पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क बुडवला तर त्या बंद्याने माफ करावं लागतं, असंच आम्ही शिकलो. त्या बाईने माफ केलं? वॉचमनने? मग माफ करणारा तू कोण? साक्ष ही अमानत आहे, विश्वासाने सोपवलेली ठेव. उस्ताद बापाच्या जागी असतील, पण बापाविरुद्धही ती द्यावी लागते.

हे लिहून मी तुझा संसार मांडायच्या आधीच मोडतोय, हे मला कळतं. सुईत दोरा ओवता येईना आज.

माया आहे तशीच आहे,
चाचा

ता. ११ मार्च

ती. चाचा व ती. मामा,
सलाम आणि नमस्कार, दोघांना दोन्ही.

तुम्हा दोघांना एकमेकांवर घालून मधल्या फटीतून निसटायचा माझा बेत होता. तुम्ही दोन गावांत बसून फट बुजवलीत. संतापून दोन्ही पत्रं फाडली. ठरवलं, दोघांचीही जिरवायची, खोटंच सांगायचं.

रविवारी तिला सगळं सांगितलं. वाटलं रडेल. तिने फळीवरच्या बाटल्या पुन्हा ओळीत लावल्या आणि विचारलं की आणखी कुणी पाहिलंय का. नाही म्हणालो. मग म्हणाली की तिला अब्बांशिवाय कुणी नाही, आणि मी काय करायचं ते माझं मी बघावं. दुकानात मात्र पुन्हा यायचं नाही. बोल असं म्हणाली नाही, गप्प बस असंही नाही.

सोमवारी साहेबांसमोर वॉचमनलाही आणून उभं केलं होतं. त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडून त्याला कसली अपेक्षाच नव्हती. तेच मला झोंबलं. तारेचं, खिशाचं, सगळं बोलून टाकलं.

वॉचमन सुटला. उस्तादांना आत घेतलं. जाता जाता त्यांनी मला एवढंच विचारलं की परवा काम केलेल्या दवाखान्याच्या लिफ्टचे ब्रेक नीट आवळलेस ना.

खरं बोलल्यावर छाती हलकी होते म्हणतात. थापा आहेत सगळ्या. हलकी होत नाही, हे तुम्ही कुणीच लिहिलं नव्हतं.

ती कालपासून चौकीच्या बाकावर बसून आहे. वकील नाही, सोबतीला कुणी नाही. माझ्या हातचं पाणी घेत नाही, आणि का घ्यावं? उस्ताद चुकले, मग घाबरून खोटं बोलले. तरी त्यांच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं. ज्या हक्काबद्दल तुम्ही दोघांनी मला सुनावलंत, तो त्यांचाही आहे. पण ते काम माझ्या हातून होण्यासारखं उरलेलं नाही. मामा, तुम्ही वकील बघा. चाचा, तुम्ही तिच्याशेजारी बसा. दोघं एकाच गाडीने या, काय भांडायचं ते गाडीत भांडून घ्या. तिच्यापुढे माझं नाव काढू नका.

तुमच्या लोभात माझ्या वाटणीचं जे असेल, ते सध्या तिला द्यावं, ही विनंती.

आपला,
माचिस