व्हिसावर घेतलेल्या घराची निरवानिरव

मी, उपासना अनुप मेश्राम, वय एकेचाळीस, मूळ राहणार नागपूर, हल्ली राहणार कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, व्यवसाय औषध कंपनीत नोकरी, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, मला कोणी धाक घातलेला नाही, आणि नवरा शेजारच्या खोलीत क्रिकेट पाहत असल्याने त्याचाही दबाव नाही. व्हिसाच्या शिक्क्यासाठी आम्ही दोघे पुढच्या आठवड्यात भारतात जात आहोत. मुलगी आन्या शाळेमुळे इथेच राहील. म्हणून ही व्यवस्था. कायद्यासाठीचे इंग्रजी मृत्युपत्र वकीलबाईंकडे आहे, हे घरच्यांसाठी. वाटणी दोन्हींत एकच.

कलम १. राहते घर अनुपला मिळावे. हे घर घेऊ नये म्हणून तो चार वर्षे माझ्याशी भांडला. "तीन वर्षांचा व्हिसा आणि तीस वर्षांचं कर्ज? हिशोब तरी बघ!" मी हिशोब बघितला नाही, घर बघितलं. चावी हातात आल्यावर पाचव्या आठवड्यात माझी नोकरी गेली. साठ दिवसांत दुसरी कंपनी मिळाली नाही तर देश सोडायचा, असा नियम. निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती.

एकतिसाव्या दिवशी मीच हरले. म्हटलं, "अनुप, एजंटला फोन कर. विकून टाकू." भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही मालकाची ईमेलने परवानगी मागणारा हा माणूस; त्याने गॅरेजमधून ड्रिल आणलं, हॉलच्या भिंतीला चार भोकं पाडली आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. थोडी तिरकी. मग म्हणाला, "आता भोकं पडलीत. अशा घराला गिऱ्हाईक मिळत नाही."

बावन्नाव्या दिवशी नव्या कंपनीने माझा व्हिसाचा अर्ज दाखल केला. घर माझ्या हट्टाने आलं, पण राहिलं त्याच्या हट्टाने. हे त्याला तोंडावर सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

कलम २. आमचे स्नेही मिहीर यांना माझी अॅल्युमिनियमची शिडी द्यावी. ती दोन वर्षे त्यांच्याकडेच आहे, तेव्हा पोचवण्याचा खर्च नाही. "यार, व्हिसावर घर घेऊ नका, मार्केट पडू दे," असे प्रत्येक पॉटलकच्या जेवणात सांगून त्यांनी स्वतः गुपचूप घर घेतले, ही गोष्ट मी विसरलेली नाही. मात्र त्या बावन्न दिवसांत ते दर शनिवारी येऊन आमचे गवत कापून गेले आणि एकही सल्ला दिला नाही. त्यांना ते किती जड गेले असेल, याची मला कल्पना आहे.

कलम ३. आम्हा दोघांचे बरेवाईट झाल्यास आन्याचा सांभाळ मिहीर व त्यांची पत्नी विनीता यांनी करावा. आन्या जन्माने अमेरिकन. आमच्या घरात इथे कायम राहण्याचा हक्क तिला एकटीला आहे आणि ती तो सोफ्यावर लोळून बजावते. तिला विचारले तर म्हणाली, "मॉम, दॅट्स सो मॉर्बिड. अँड मिहीर काका टॉक्स टू मच." मग थोड्या वेळाने येऊन चिकटून बसली आणि विचारलं, "बट यू आर कमिंग बॅक, राइट?" मी हो म्हटलं. ते या कागदावरही लिहिते: हो.

माझ्या पाटल्या तिच्याच. मोडू नयेत.

कलम ४. मोठा कुकर शैलजाताईंना द्यायचा होता, पण त्या या कागदाच्या साक्षीदार, आणि साक्षीदाराने काही घेऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. कुकर की सही, असे विचारल्यावर ताईंनी बराच विचार केला. कुकर अनुपकडे राहील. त्याने तो वापरायला शिकावा.

कलम ५. माझा अंत्यविधी त्रिसरण-पंचशील म्हणून इथेच, कॅरीत करावा. नागपूरला नेऊ नये. आईला मी आधीच सांगितले आहे. ती म्हणाली, "तुझं घर जिथे, तिथे." त्या दिवशी व्हिसा संपलेला असल्यास कोणी घाबरू नये. माझी मुदत वाढवायला आता कोणाची सही लागणार नाही.

वाचून, समजून, हसून सही केली.

उपासना अनुप मेश्राम

साक्षीदार: १. शैलजा गजभिये २. देवांग रामटेके

स्थळ: कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६