आत्याच्या गळ्यातलं पदक

८ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर माणूस पाडला. पगार त्याचाच मिळतो.

काडेपेटीएवढं यंत्र, गळ्यात घालायचं. म्हातारं माणूस पडलं की घरच्यांच्या फोनवर घंटा. पडायला आमचा स्टोअरवाला – कुस्ती जन्मात खेळलेला नाही, पण अंगावरून सगळे पैलवान म्हणतात. गादीवर पुढे पडला, मागे पडला, कुशीवर पडला. दर वेळी घंटा वाजली. "मॅडम, घरी विचारतात काय काम करतोस, तर सांगता येत नाही हो," म्हणाला.

साहेब खूश. आता घरगुती चाचणी, मग माझी सही, की माल बाजारात.

९ सप्टेंबर, मंगळवार

घरगुती चाचणीला गिऱ्हाईक घरातच आहे. आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, तोंड शाबूत. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, त्यामुळे मला वाटेल ते बोलायचा परवाना तिला कायमचा.

"हे काय, पदक? कशाबद्दल?"

समजावलं. आत बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं एक इवलंसं वजन असतं. ते किती ओढलं जातं ते यंत्र मोजतं. गप्प पडून असलं तरी एक दाखवतं, कारण जमीन ओढत असतेच. पण हवेतून खाली यायला लागलं की शून्य.

"म्हणजे मी बसले तरी एक आणि मेले तरी एकच?"

"हो. पडलीस तर शून्य, मग दणका, मग शांतता. तिन्ही झालं की घंटा."

"शून्य, दणका, शांतता. माझा संसारही असाच झाला."

११ सप्टेंबर, गुरुवार

भर मीटिंगमध्ये घंटा. बाहेर पळाले, फोन लावला. "कुठे काय, टीव्ही बघतेय."

झालं असं की आत्या खुर्चीत बसत नाही, कोसळते. गुडघे अर्ध्यावर राजीनामा देतात, उरलेला प्रवास धप्पकन. यंत्राला वाटतं, गेली म्हातारी.

जेवणानंतर परत. चहाच्या वेळी परत. साहेब म्हणाले, "बाई, आठवडाभर आत्यांना उभंच ठेवा."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

परत! डोक्यावर मिऱ्या वाटतेय ही बाई.

१४ सप्टेंबर, रविवार

तोडगा काढला. शून्य जरा जास्त वेळ टिकलं तरच ते पडणं धरायचं. खुर्चीपर्यंतचं अंतर थोडं, जमिनीपर्यंतचं जास्त. साधा हिशेब. आत्याला खुर्चीत पुन्हा पुन्हा आपटायला लावलं. घंटा नाही. स्वतःची पाठ थोपटली.

"म्हणजे आता पडायचं तर नीट पडायला हवं," आत्या म्हणाली.

"मन लावून पड." दोघी हसलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नव्या हिशेबाने पैलवान पुन्हा पडला, जीव ओतून. एकही पडणं सुटलं नाही. सही केली. साहेबांनी चहा पाजला, तोही स्वतःच्या खिशातून. इतिहासात नोंद व्हावी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आत्या हॉस्पिटलात. खुबा मोडलाय. लिहवत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आहे, नर्सला पलंगाची चादर कशी घालायची ते शिकवतेय. म्हणजे बरी आहे.

काल दुपारी घंटा वाजली तेव्हा आधी चिडलेच. मग फोनवर यंत्राच्या आकड्यांची रेघ बघितली. शून्य, दणका, शांतता. परत शून्य, दणका, शांतता. माणूस पडतो, उठतो आणि लगेच पुन्हा पडतो – पैलवानाशिवाय हे धंदे कोण करतं? चप्पल घालायचंही भान राहिलं नाही.

न्हाणीघराच्या दारात, फरशीवर आडवी होती. यंत्राच्या दोरीचं टोक हातात. यंत्र उंच भिरकावायची, पडू द्यायची, हात न लावता थांबायची, मग ओढून घ्यायची. ओठ पांढरेफटक.

सकाळीच पडली होती. म्हणजे पडलीसुद्धा नाही. पाय सरकला, चौकट धरली आणि धरून धरून सावकाश खाली आली. शून्य झालंच नाही. कसं होणार? म्हातारी माणसं धरत धरत पडतात. पैलवान खुशाल अंग टाकून देतो. आम्ही महिनाभर गादीवर जे पाडलं ते पडणं जगात कुणी पडतच नाही! आणि मी अतिशहाणी, घंटा अजूनच बहिरी करून ठेवली.

"हाक नाही मारलीस?"

"तू गेल्यावर पडले. भिंतींना हाक मारू?" मग म्हणाली, "मी पडले तेव्हा तुझं यंत्र मूग गिळून बसलं. स्वतः पडलं तेव्हा केवढी बोंब!"

हसायला गेले आणि रडूच आलं.

साहेबांना फोन करून सही मागे घेतली. आरडाओरडा केला त्यांनी. करू देत. नोकरी गेली तर गेली.

२१ सप्टेंबर, रविवार

यंत्रातले गुरुवार सकाळचे आकडे काढले. घसरणं सापडलं. नंतर शांतता. त्या शांततेत, थोड्याच वेळाने, एक बारीकसा धक्का. कसला ते कळेना.

यंत्र न्हाणीघरासमोर त्याच फरशीवर ठेवलं. सगळं करून बघितलं. शेवटी बाहेर पडून घराचं दार आपटलं, रोज कामावर निघताना आपटते तसं.

तोच धक्का.

आत्याला आज परत विचारलं. "तू गेल्यावरच पडले गं," म्हणाली, आणि माझा हात धरून ठेवला.