पातळ भिंतीआडचे सात दिवस

१२ जुलै, शनिवार. झीलंड, नेदरलँड्स.

मुलाच्या न्यूनेनच्या घरून अडीच तास. गाडीमागे भाड्याची कॅरव्हॅन, गाडीत मंदार, सूनबाई शलाका, नात ईरा (वय नऊ, मराठी कळतं, उत्तर डचमध्ये) आणि मी.

कॅम्पिंगवर मंदार तीनदा कॅरव्हॅन मागे घेता घेता कुंपणात. शलाका हातवारे करत होती, "डावीकडे! अरे, माझ्या डावीकडे!" शेवटी मी उतरले. "येऊ दे... येऊ दे... काप... बास!" एका दमात जागेवर. शेजारच्या तंबूतल्या डच आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नाशिकच्या टेलिफोन ट्रंक एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, शेवटी सुपरवायझर. आवाजाला कधी लाउडस्पीकर लागला नाही.

मग पाणसळ लावून कॅरव्हॅन सपाट करणे. पाऊण तास. नाशिकच्या घरात पठ्ठ्याने एक खिळा ठोकला नव्हता.

समुद्र उद्या.

१३ जुलै, रविवार.

कॅरव्हॅनमध्ये संडास आहे, पण म्हणे फक्त अडीअडचणीला. एरवी सार्वजनिक. सकाळी अख्खं कॅम्पिंग बगलेत कागदाचा रोल धरून, एकमेकांना हसून नमस्कार करत तिकडे चालतं. कॉन्व्हेंटात सिस्टर्सनी आम्हाला पडलेला रुमाल उचलायला कसं वाकायचं तेसुद्धा शिकवलं होतं. यावर काही शिकवल्याचं आठवत नाही. मी पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून गेले, मान ताठ ठेवून.

भांडी घासायला सगळे पुरुष. त्यात माझाही. शलाका खुर्चीत पुस्तक वाचत. मी चकार शब्द काढला नाही.

(काढला. "आमच्या वेळी..." एवढाच. तिने पुस्तकातून मान वर केली नाही.)

१४ जुलै, सोमवार.

दुपारी पाऊस. ईरा खेळायच्या हॉलमध्ये. मी पडदा ओढून आडवी झाले होते. त्यांना वाटलं झोपले.

शलाका : "तू फॉर्म भरलास? आईंना न विचारता?"

मंदार : "भरून ठेवलाय गं, पाठवला नाही. तिथे वेटिंग असतं. डॉक्टर असतो, जेवण हातात, चोवीस तास माणसं. घर भाड्याने देऊ."

"मग सांग त्यांना. तुझी आई आहे."

"सांगतो ना. शेवटच्या दिवशी. मूड बघून."

म्हणजे नाशिकबाहेरचं ते ज्येष्ठांचं निवासस्थान. बागेतल्या बाकावर हसणाऱ्या म्हाताऱ्यांची जाहिरात असते, ते. आणि मूड बघून! मी काय हवामान आहे?

एक्स्चेंजचा नियम : लाइनवर कानावर पडलं ते लाइनवरच राहतं. ठरलेली लग्नं माझ्या कानात मोडली, मी संध्याकाळी त्याच घरी हळदीकुंकवाला जाऊन गप्प बसले. तेव्हा आजही विचारता येत नाही. त्यानेच बोललं पाहिजे.

चहाची हाक येईपर्यंत डोळे मिटून पडून राहिले. पाठ दुखली.

१५ जुलै, मंगळवार.

समुद्र. राखाडी, पण नीटनेटका. इथलं सगळंच तसं.

मंदार अति गोड. आई, खुर्ची देऊ? आई, वारा लागतोय? दहावीच्या प्रिलिमला गणितात नापास झाला होता, तेव्हा शाळेचं पत्र दप्तरात लपवून आठवडाभर माझे पाय चेपत होता. तोच चेहरा.

"आजी, कॉम!" ईरा पाण्यातून. गेले. साडी नव्हतीच, शलाकाची पॅन्ट. गुडघ्यापर्यंत बर्फ.

"आई, जपून, पडाल!" शलाका काठावरून.

"पडले तर ओली होईन. आणखी काय?"

शलाका हसली. मंदार हसला नाही.

मार्चमध्ये बाथरूममध्ये पडले होते. फोनवर सांगितलं, पाच मिनिटांत उठले. खरं म्हणजे सातला पडले आणि सुनंदा कामाला आली साडेदहाला. फरशी, बादलीचा तळ आणि शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या. हाका मारल्या. एवढा आवाज माझा, पण कुकर, मिक्सर, टीव्ही...

कुठे तरी खरं लिहायला हवं म्हणून इथे.

१६ जुलै, बुधवार.

बोलला नाही. कॅरव्हॅनला जोडलेल्या तंबूत बटाटेवडे केले. शेजारचे आजोबा वासावर आले, चार खाल्ले, हिरव्या मिरचीला हात लावून पस्तावले. बोलला नाही.

१७ जुलै, गुरुवार.

आतल्या संडासाची टाकी रोज रिकामी करायची असते. अडीअडचणी बऱ्याच येतात, असं दिसतं. मंदार सकाळी टाकी घेऊन निघाला. मी चप्पल घातली. "चल, मीही येते."

"आई, तू? तिकडे?"

"पाय मोकळे करायला."

हातात भरलेली टाकी असलेला माणूस पळू शकत नाही, तावातावाने हातवारेही करू शकत नाही. निम्म्या वाटेवर विचारलं, "मंदार, तुला मला काही सांगायचंय?"

थांबला. "शलाकाने सांगितलं?"

"मला कुणी काही सांगितलेलं नाही." यात खोटं काय?

मग सगळं एका श्वासात बाहेर आलं. फॉर्म, डॉक्टर, भाडेकरू. मी उत्तर तयार ठेवलं होतं, तीन दिवस घासूनपुसून. तेवढ्यात म्हणाला, "साडेतीन तास, आई. तू मला पाच मिनिटं म्हणालीस. सुनंदाबाईंचा फोन आला नसता तर कळलंही नसतं."

सुनंदा! चोंबडी.

तयार उत्तर कुठल्या कुठे गेलं. मागे दोन डच गृहस्थ आपापल्या टाक्या घेऊन शांतपणे वाट बघत होते.

"आधी ते ओतून ये," म्हटलं. ओतलं. दोनदा हात धुवायला लावले.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणू द्यायचं होतंस. नाही म्हणायची पाळी तरी माझी होती."

परत येताना त्याचे डोळे ओले. मी समुद्र किती दूर आहे ते विचारलं. माहीत असून.

१८ जुलै, शुक्रवार.

माझ्याविषयीचा कागद मी दुसऱ्याच्या फोनवर वाचत नाही, म्हटलं. मंदारने रिसेप्शनवरून छापून आणला. चार पानं.

आवड : वाचन. बरं. पथ्य : नाही. बरं. स्वभाव : मनमिळाऊ.

शलाका ते वाचून इतकी हसली की कॅरव्हॅन हलली. मग मीही. "आई, हा तर गुन्हा आहे, खोटी माहिती!" मी काट मारली. "स्पष्टवक्ती" लिहिलं. ती म्हणाली, "हे पण सौम्यच आहे." पोरीला जीभ आहे. दहा वर्षं कुठे लपवली होती कोण जाणे.

घर सोडण्याचं कारण : सुरक्षितता. तेही खोडलं. मग लिहिलं, "साडेतीन तास."

माझंच अक्षर. वहीत होतं तेव्हा एवढं मोठं दिसलं नव्हतं.

अटी मंदारला तोंडी सांगितल्या. सप्टेंबरात परत गेल्यावर जागा मी स्वतः बघणार. दोन दिवस तिथे जेवून बघणार. तोवर भाडेकरू हा शब्द काढायचा नाही. प्रत्येक अटीला हो म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

१९ जुलै, शनिवार. न्यूनेन.

परतीला मंदारने कॅरव्हॅन पहिल्या फटक्यात बाहेर काढली. मी गप्प बसले होते, म्हणून.

फॉर्म पर्समध्ये. अर्ध्या वाटेत काढून पुन्हा वाचला. सहीची जागा तेवढी कोरी. माझं पेन मागे कॅरव्हॅनमध्ये राहिलं होतं. पुढे वाकून म्हटलं, "कुणाकडे पेन आहे का?"

मंदारने आरशातून बघितलं.

"नाही हो आई," शलाका म्हणाली, वळूनसुद्धा न बघता. "एकही नाहीये."

तिने केसांचा अंबाडा पेन खोचून बांधला होता. माझ्या नाकासमोर, निळ्या टोपणाचं. ईरालाही दिसलं, तिने तोंड उघडलं. मी बोट ओठांवर ठेवलं आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला.