वायरींची राख

ता. ३

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

वाफ्यात बसून पालक खुडत होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं. कागदावरचा डाग त्या मातीचा. शेडच्या आसपासची माती आणि पानं तुझ्या प्रयोगशाळेला हवीत म्हणतोस, तर आमच्याच परसातली पाठवते. इतकं शिकून शेवटी बहिणीची माती चाळतोस.

पालक असा माजलाय की शेजारीण विचारते, घालता तरी काय. राख. आई चुलीची घालायची. इथे चूल नाही. पण ह्यांच्या शेडमध्ये जुन्या कॉम्प्युटरच्या वायरी जाळून तांबं काढतात, तिथली घमेलंभर राख हे दर रविवारी आणतात.

ठमीला सातवा लागला. लेक माहेरी आल्यापासून रोज वाटीभर पालक तिच्या पोटात जातो.

तुझी वाट बघणं सोडलंय, पत्र तरी येऊ दे.

ताई


ता. १७

ती. ताईस, शि. सा. न.

दोनदा तपासलं. पहिल्यांदा वाटलं, भांडं नीट धुतलं नसेल.

मातीत शिसं आहे, कॅडमियम आहे, मर्यादेच्या कितीतरी पट. पानांतही आहे. धुऊन जात नाही, शिजवून जात नाही. वायरीवरच्या प्लास्टिकमधून ते राखेत उतरतं. ठमीला आजपासून एक पानही देऊ नकोस. तिचं रक्त तपासून घे. शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

आईला बोल लावू नकोस. तिच्या राखेत नुसतं लाकूड होतं.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर राग धरलास तरी चालेल.

धाकटा


ता. २४

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, ती राख आम्ही रोज नाकातोंडात घेतो, तुझा भाऊ पालकाचं काय घेऊन बसलाय. मग जेवले नाहीत.

ठमीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खाणं थांबवा आणि वाट बघा. ठमीने एवढंच विचारलं, ती नको नको म्हणत होती तेव्हा मी का भरवलं. तिला पालक कधीच आवडला नाही. मीच ताटाशी बसायचे.

आज संध्याकाळी सगळे वाफे उपटले. कुंपणाबाहेर ढीग घातला.

आहे तो लोभ सांभाळ.

ताई

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी ढीग जागेवर नव्हता. शेजारीण म्हणाली, कामाला जाणाऱ्या बायकांनी जुड्या बांधून नेला. इतका ताजा पालक टाकवतो कसा, असंही म्हणत होत्या.